‘बरं’ आणि ‘वर’

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं हेलिकॉप्टरमध्ये बसलो त्या सोबत्यांना नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतोय असं म्हणालो, तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की कागद उलट प्रश्न विचारत नाही. आणि विचारलाच, तर तो मला ऐकू यायला हवा ना?

हसलात? हसा. मीही आधी हसूनच वेळ मारून नेतो, जुनी सवय आहे. पण आज नेणार नाही.

चाकणजवळ आमच्या कंपनीचा हेलिपॅड आहे. शेजारी पत्र्याचं मोठं हँगर, आणि त्यात दोन हेलिकॉप्टरं. कड्यावर अडकलेले ट्रेकर, महामार्गावरचे जखमी, पुरात छपरावर बसलेली माणसं — यांना उचलून आणायचं हे आमचं काम. मी तिथे प्रशिक्षण प्रमुख आहे. नवी मुलं-मुली मला सर म्हणतात, माझ्या तासाला वेळेवर येतात, आणि मी हवाई दलातला जुना माणूस म्हणून माझ्या शब्दाला मान देतात. शब्दाला! ... थांबा. थेट तिथे मला जाववत नाही. थोडं मागून येतो.

विंच म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हेलिकॉप्टरच्या दारावर एक चरखी असते, तिच्यावर करंगळीहूनही बारीक पोलादी तार गुंडाळलेली. तारेच्या टोकाला हूक, आणि हूकवर माणूस. तो खाली उतरतो, अडकलेल्याला पट्ट्यात बसवतो, आणि मग दोघांना वर ओढून घ्यायचं. वैमानिकाला यातलं काहीही दिसत नाही. त्याच्या पायाखाली काय चाललंय ते त्याला दिसणार कसं? म्हणून एक जण दारात पालथा पडतो, डोकं बाहेर काढतो आणि सतत बोलत राहतो — पुढे पाच, चार, तीन, स्थिर. एका हातात विंचचं बटण, कानावर हेडसेट. वरच्याचे डोळे तो, आणि खालच्याचा जीवही त्याच्याच बोटात. हवाई दलात ते काम मी वर्षानुवर्षं केलं, आणि नंतर कंपनीतही.

हूकवर असायचा माणिक देवकाते.

माणिकबद्दल लिहायला लागलो की मला थांबावंसं वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लातूरकडचा माणूस. उंचीने बेताचा, अंगाने काटक. हवाई दलात माझ्याच युनिटमध्ये सार्जंट होता, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी पुष्कळ धाडसी माणसं पाहिली आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपण धाडसी आहोत हे ठाऊक असतं, आणि ते त्यांच्या चालण्यात दिसतं. माणिकच्या चालण्यात काही दिसायचं नाही. दुकानातून साखर आणायला निघालेल्या माणसाइतक्याच घाईने तो दाराशी यायचा, हूक दोनदा ओढून बघायचा, आणि पाय बाहेर सोडून बसायचा.

एकदा पुरात एक बाई छपरावर अडकली होती. परका पुरुष आपल्याला धरणार म्हणून ती पट्ट्यात यायलाच तयार नव्हती. पाणी चढत होतं. माणिकने काय करावं? त्याने स्वतःचं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं, पट्टा कसा घालायचा ते स्वतःवर दाखवलं, मग तोंड फिरवून उभा राहिला. तिने तो स्वतःच्या हाताने घातल्यावर त्याने फक्त बकल तपासलं आणि तिला एकटीला आधी पाठवून दिलं. आणि स्वतः उघड्या डोक्याने त्या हलत्या छपरावर माझी वाट बघत बसला. नियमाप्रमाणे हे चूक होतं. मी वरिष्ठ म्हणून त्याला रागावलोसुद्धा. रागावताना मनात म्हणत होतो, हे मला सुचलं असतं का?

आणखी एक गोष्ट त्याची स्वतःची होती, कुठल्याही पुस्तकात नसलेली. खाली पोचला की तो अडकलेल्या माणसाला धीरबीर द्यायचा नाही. पत्ता विचारायचा. गाव कुठलं, गल्ली कुठली, घराच्या समोर काय आहे. मी एकदा कारण विचारलं. तो म्हणाला, “माणूस घाबरला की त्याला पत्ता इचारायचा, सर. पत्ता सांगताना रडता येत न्हाई.” आज हे मी प्रशिक्षणात शिकवतो. कुणी शोधून काढलं ते मात्र सांगत नाही. आमच्याकडे माणिकचं नाव दुसऱ्याच कारणासाठी घेतलं जातं, आणि त्या कारणाकडेच मी येतोय.

हवाई दलातून मी आधी निवृत्त झालो. तळेगावला घर होतंच. चाकणची ही कंपनी तेव्हा नवी होती, त्यांना विंचवरची तयार माणसं हवी होती, आणि मी तर तयार होतोच — निवृत्तीनंतरचे चार महिने घरात बसून मला वेड लागायची पाळी आली होती. दोन वर्षांनी माणिक हवाई दलातून सुटला, तेव्हा मीच त्याला फोन करून बोलावलं. त्याने चिखलीत फ्लॅट घेतला, बायको आणि मुलीला गावाहून आणलं. “सर, युनिफॉर्म बदलला, हूक तोच,” असं तो म्हणायचा आणि खूष असायचा. मीही होतो. आयुष्यात दुसऱ्यांदा कुणी ते काम आपल्या हाती देतं, ही काय साधी गोष्ट आहे?

आमचे कॅप्टन कुरियन केरळचे. त्यांच्याशी माझं बोलणं इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत. पण खाली माणिकशी रेडिओवर मी मराठीत बोलायचो. दोघेच तर होतो, वर्दीचा धाक संपलेला. वर. खाली. थांब. आणि ‘ऐकलं, समजलं’ यासाठी पुस्तकात ‘रॉजर’ हा शब्द होता, पण आम्ही म्हणायचो ‘बरं’. थांब — बरं. तार ढिली देतो — बरं. असं दोन वर्षं चाललं, दिवसातून वीस वेळा. ही पद्धत सुरू कुणी केली? मी केली. का केली, तेही सांगतो.

एवढी वर्षं त्या इंजिनांच्या शेजारी काढली की काहींचे कान जातात. माझे गेले. एकदम नाही. आधी सकाळचे पक्षी गेले, मग मोबाइलची बारीक बीप, मग माणसांच्या बोलण्यातली व्यंजनं. स्वर ऐकू येतात, पण शब्द कुठल्या अक्षराने सुरू झाला ते कळत नाही. पाणी म्हणाले की गाणी? चहा की दहा? समोरच्याचे ओठ बघून, आधीचा संदर्भ लावून मी अंदाजाने भागवायचो. आणि अंदाज बसला नाही की म्हणायचो — बरं.

मराठीत याहून सोयीचा शब्द नाही. प्रश्न असो, तक्रार असो, काम सांगितलेलं असो, बरं म्हटलं की समोरचा पुढे सरकतो. एकदा माझी बायको सुलभा स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, बरं. पुन्हा काहीतरी म्हणाली. बरं. तिसऱ्यांदा ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. “बरं बरं काय लावलंय? गॅस संपत आलाय का बघा, म्हणतेय मघापासून!” मी म्हणालो, कामाच्या विचारात होतो गं. तीही हसली, मीही हसलो. कामाचा विचार हे कारण आमच्या घरात किती वर्षं चाललं, याचा आता मला अचंबा वाटतो. तर असा हा शब्द माझ्या तोंडून आमच्या रेडिओत आला, आणि माझ्याकडून माणिकला लागला.

तुम्ही विचाराल, दर वर्षी वैद्यकीय तपासणी होत नव्हती का? होत होती. एका छोट्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात, हातात एक बटण. बीप ऐकू आली की दाबायचं. तपासणारी मुलगी काचेपलीकडे बसायची. ती आपलं काम नीट करणारी होती — मला तिचा हात दिसू नये म्हणून ती माझी खुर्ची भिंतीकडे वळवायची. पण भिंतीवर काचेच्या चौकटीत एक देवीचा फोटो होता. त्या काचेत तिच्या पेनचं टोक दिसायचं. बीप दिली की पेन जरासा खाली जायचा, आणि मी बटण दाबायचो. मधेच एखादी मुद्दाम सोडायचो, खरं वाटावं म्हणून. दर वर्षी. देवीच्या फोटोत बघून. तिथे मी काय मागत असेन, असं त्या मुलीला वाटलं असेल?

कारण काय? हूकवरच्या माणसाचा जीव ज्याच्या बोटात असतो, तो माणूस म्हणून मला जगायचं होतं. दुसरं कुणी म्हणून जगायचं माझ्या मनातच येत नव्हतं. हे कारण मी सांगतोय, माफी म्हणून नाही. हेडसेटचा आवाज पूर्ण वाढवून ठेवायचो. कॅप्टनचा आवाज जाड, तो कळायचा. माणिकचा आवाज बारीक, त्यात रेडिओची खरखर. पण तो पुढे काय म्हणणार हे मला आधीच ठाऊक असायचं. खरं सांगायचं तर मी माणिकला ऐकत नव्हतो, ओळखत होतो. आणि त्यावर माझं भागत होतं.

मग तो दिवस आला. लख्ख ऊन, पण वारा. मावळातल्या एका किल्ल्याच्या कड्यावर पुण्याजवळच्या माण गावातल्या आयटी कंपनीतला एक इंजिनियर घसरून एका अरुंद कपारीवर पडला होता, पाय मोडलेला. माणिकला मी शंभरेक फूट खाली सोडलं. तो कपारीवर टेकला. त्याचा स्वतःचा बेल्ट हूकला लागलेलाच होता. तो त्या इंजिनियरला पट्टा घालायला लागला, माझ्याकडे पाठ करून. हातांनी खूण करायला हात मोकळे नव्हते. तेव्हा आमचा नियम असा होता, की उचलायला अंगठा दिसला तरी चालेल किंवा शब्द ऐकू आला तरी चालेल. दोन्हीपैकी एक.

वाऱ्याचा झोत आला आणि आम्ही डावीकडे सरकलो. मी रेडिओवर म्हणालो, “थांब, सरकलोय.”

माणिक म्हणाला, “बरं.”

मी ऐकलं — वर.

आणि बटण दाबलं. तुम्ही मोठ्याने म्हणून बघा, बरं आणि वर. तुम्हाला फरक ऐकू येतो ना? मला नाही आला. थांब म्हणून सांगितलेला माणूस लगेच वर कसा म्हणेल, हा विचार करायलाही मला दोन सेकंद लागले, आणि त्या दोन सेकंदांत तार ताणली जाऊन दोघांचे पाय सुटले होते.

पट्टा त्या इंजिनियरच्या एकाच काखेतून गेलेला होता. तो त्यातून निसटायला लागला. माणिकने दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली आणि पायांनी त्याची कंबर आवळली. झोक्यात दोघे कड्यावर जाऊन आदळले आणि माणिकने मधे आपला डावा खांदा दिला — दिला म्हणतो, कारण मी वरून पाहिलं, त्याने अंग वळवून घेतलं होतं. परत खाली सोडावं तर खाली कपार नव्हती, नुसती दरी. वरच ओढून घ्यायला हवं होतं. शंभर फूट. तेवढा सगळा वेळ त्या मोडलेल्या खांद्याने त्याने स्वतःहून वजनदार माणूस धरून ठेवला. मी दोघांना दारातून आत ओढलं तरी त्याचे हात सुटेनात. मी त्याची बोटं एकेक करून उघडली.

त्या इंजिनियरने नंतर हॉस्पिटलात सांगितलं. लोंबकळत असताना माणिक त्याच्या कानाशी ओरडत होता — माणमधी कुठं? सोसायटी कुठली? कितवा मजला? आणि तो सांगत होता. सगळा पत्ता, पिन कोडसकट. हे सांगताना त्याला रडू आवरलं नाही. माझ्या हेडसेटमध्ये ते सगळं येत असणार. मला त्यातला एक शब्दही कळला नव्हता.

चौकशी पिंपरीच्या ऑफिसात झाली. टेबलाच्या पलीकडे तीन जण, अलीकडे आम्ही. माणिकचा हात गळ्यात बांधलेला. आवाजाचं रेकॉर्डिंग नव्हतं. कॅप्टन कुरियन त्या क्षणी पुणे विमानतळाच्या टॉवरशी बोलत होते, त्यामुळे त्यांनी खालचं ऐकलं नव्हतं. राहिलो आम्ही दोघे. मला विचारलं, काय ऐकलंत? मी म्हणालो, ‘वर’. इथवर मी खरं बोललो होतो. माणिकला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, सर थांब म्हणले, म्हणून म्या ‘बरं’ म्हणलो.” त्यांनी लिहून घेतलं. मग मधल्या साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, “बरं हा शब्द तुमच्या कामात चालतो का?”

इथेच मी थांबलो असतो तर? ‘चालतो, मीच चालू केला’ एवढंच म्हणायचं होतं. मग पुढचा प्रश्न आला असता — रोज चालतो तर त्या दिवशीच चुकीचा कसा ऐकू आला? आणि त्याच्या पुढचा प्रश्न माझ्या कानांचा होता. तो मला समोर उभा दिसला.

मी म्हणालो, “नाही.”

माणिकने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. विचार करत असल्यासारखं. मग तो साहेबांना म्हणाला, “सर म्हणतेत तर न्हाई चालत. चूक माझी हाय.”

लिफ्ट बंद होती. तीन मजले आम्ही जिन्याने उतरलो. अर्ध्यात तो थांबला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला. माझ्याकडे तोंड करून, हळू. “सर, तुमी पुस्तकातलं सांगितलाव, ते बरोबर केलाव. न्हाईतर दोघंबी गेलो असतो. माझा खांदा तर गेलाच हाय. तुमी ऱ्हावा. तुमच्यासारखा माणूस दारात पायजे.” आणि उतरायला लागला. एका हाताने कठडा धरून.

कळलं तुम्हाला? त्याला माझं खोटं तिथल्या तिथे कळलं होतं. त्याने ते उचलून घेतलं, मला हलकं केलं, आणि त्याला एक चांगला अर्थही देऊन टाकला. फक्त तो अर्थ ज्या गोष्टीवर उभा होता, ती गोष्ट नव्हतीच. दारातल्या त्या माणसाला ऐकू येतं, असं माणिक धरून चालला होता.

त्याला हूकवर परत जाता आलं नसतं हे खरं. पण त्याला प्रशिक्षक व्हायचं होतं. नव्या लोकांना हूकवर तयार करायचं, हे त्याने हवाई दलातच मनाशी ठरवलेलं. चुकीचा शब्द वापरून अपघात घडवणाऱ्याला कोण प्रशिक्षक करणार? दोन महिन्यांनी त्याला पत्र मिळालं आणि तो गेला. त्याची ती जागा पुढच्या वर्षी मला मिळाली. मी विंच सोडून शिकवायला लागलो, तेव्हा सगळ्यांना वाटलं बढती झाली. मला तर पुन्हा दारात पालथं पडायची भीती वाटत होती.

आणि शिकवतो काय? पहिल्याच तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो — ‘बरं’ म्हणायचं नाही. मग देवकातेची गोष्ट सांगतो. एक उत्तम हूकमन होता, त्याने एक चुकीचा शब्द वापरला. गोष्ट चांगली रंगते. नियम इतका पक्का झालाय की हँगरमध्ये चहा घेतानाही कुणी चुकून बरं म्हणालं, की बाकीचे ओरडतात, “देवकाते झाला रे!” माणसाचं नाव असं वापरलं जातंय, आणि ते मी वापरात आणलंय.

परवा चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा सप्ताहाचा सराव होता. माझी नवी तुकडी घेऊन गेलो होतो. मोठ्या शेडमध्ये क्रेनवरून एक अवजड साचा उतरवत होते. गोंगाट इतका की कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. तिथे मी आणि ते सारखेच. साच्याखाली पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस क्रेनवाल्याला हाताने खुणा देत होता. फक्त उजवा हात. डावा अंगाला चिकटलेला. एक बोट वर करून गोल फिरवलं, साचा उचलला गेला. तळवा पसरला, साचा जागेवर थांबला. मूठ मिटली, आणि ते टनावारी लोखंड केसाएवढंही हललं नाही. आजूबाजूचे कामगार निवांत उभे होते, कारण तो माणूस तिथे होता. मी हेल्मेटखालचा चेहरा बघायच्या आधीच ओळखलं.

सरावानंतर कँटीनमध्ये तो आपणहून माझ्यासमोर येऊन बसला. “सर! किती दिसांनी!” चहा मागवला, सुलभाची चौकशी केली, मुलगी इंजिनियरिंगला गेली म्हणून सांगितलं. तेवढ्यात पोरांनी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. एक जण म्हणाला, “तुम्हीच का ते देवकाते?”

मला वाटलं, जमीन फाटावी. माणिक मात्र हसला. “हाव, त्योच म्या.” आणि त्यांना समजावून सांगायला लागला — तोंड आवरायचं, पुस्तकातलाच शब्द वापरायचा. “म्या तर घरीबी ‘बरं’ म्हणायचं सोडलोय. बायको इचारती, बरं हाय का? म्या म्हणतो, चांगलं हाय. सुरवातीला लई जड गेलं बघा. जीभ आपली हाय, पर वळण लावलं.”

पाच वर्षं. हा माणूस पाच वर्षं मराठी बोलतोय आणि बरं म्हणत नाही. आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? त्याने एकदाही नाही.

तुकडीत नाझनीन नावाची पॅरामेडिक आहे, चिखलीत तिच्या वडिलांचं गॅरेज आहे. हुशार मुलगी, आणि मनात आलेलं विचारल्याशिवाय राहत नाही. ती म्हणाली, “पण काका, आम्ही दोन्ही शब्द रेडिओवर बोलून बघितले, इंजिन चालू असताना. बरं वेगळं ऐकू येतं, वर वेगळं. दहापैकी दहा वेळा. मग त्या दिवशी कसं काय चुकलं?”

माणिक समोरच होता, त्यामुळे त्याचा शब्दन् शब्द मला कळला. तो म्हणाला, “ताई, चूक झाली ती माझ्या तोंडून. सरांच्या कानाला बोल लावायचा न्हाई. हवाई दलात पुरामधी म्या खाली कुजबुजलो तरी सर वर ऐकायचे. त्या कानांच्या भरवशावर म्या पंधरा वर्षं हूकवर उतरलो. आजबी उतरीन.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय म्हणून हलवली असेल? माणिकने आपला चहा संपवला, शिफ्टचा भोंगा झाला म्हणून उठला, उजव्या हाताने मला नमस्कार करून शेडकडे गेला. मी बसून राहिलो, आणि गाडीत बसल्यावर पोरांनी त्याचं इतकं कौतुक केलं म्हणे. नाझनीनने ते नंतर कागदावर लिहून माझ्यापुढे धरलं, कारण मी तिच्याकडे बघत नव्हतो. तिने ओळखलं असेल का?

तर हे असं आहे. माणिक देवकाते त्या दिवशी जे म्हणाला ते आम्ही रोज म्हणायचो, आणि मी त्याच्याहून जास्त म्हणायचो. त्याने तो शब्द स्पष्ट म्हटला होता. दारात पालथ्या पडलेल्या माणसाला ऐकू येत नव्हतं, आणि आपल्याला ऐकू येत नाही हे त्या माणसाला तेव्हा चार वर्षं ठाऊक होतं. ज्या कानांसाठी माणिकने आपली जागा सोडली, ते कान नव्हतेच. माणिकला हे अजून माहीत नाही.